श्रीपत कुठवर गेला

श्रीपत माझा धाकटा भाऊ. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. कशेळ्यापासून खाली खालापूरच्या हद्दीपर्यंत कुठल्याबी गावात जा, बटण दाबल्यावर पहिल्या झटक्यात बल्ब पेटला तर समजायचं, हितं श्रीपतचा हात लागलाय. हे मी उगाच फुशारकी म्हणून सांगत नाय. फुशारकी मी जन्मभर लय मारली. आता अठ्ठावन्न झालं, नोकरी सुटली, गुडघे बोलायला लागले, अन् फुशारकी मारायचाबी कंटाळा येतो. पण एकदा मारली होती ती सांगायची राहिलीय.

मी बुधाजी. शाळा चौथी. पण भिवपुरीच्या पावरहाउसात एकोणतीस वर्षं हेल्पर. डोंगरावरनं येणाऱ्या मोठ्या नळांच्या बोल्टांना पाना लावायला चार गडी लागायचे, तिथं मी एकटा उभा राहायचो. साहेब लोक सोताहून बोलायचे, "बुधाजीको बुलाव." आमच्या इथं तयार झालेली लाईट मुंबईला जायची अन् आमच्या आळीत चिमणी जळायची. अडुसष्ट साली खांब आला, तो पण गावातला शेवटचा. त्या दिवशी मी ठरवलं, श्रीपतला हेच शिकवायचं.

दुसरं पण एक कारण होतं. आमचा बाप गावकीची कामं करायचा. वरच्या आळीत त्याला बोलवायचे ते मागल्या दारानं, अन् तिथंच उभं करायचे. छपन्न साली आमी ते सगळं सोडलं, बुद्धाला शरण गेलो. बाप नंतर दोनच वर्षं जगला, पण मागल्या दारी पुन्ना गेला नाय. मला वाटायचं, आमच्या घरातला एक माणूस तरी पुढल्या दारानं आत जावा. नुसता ओटीवर नाय. आत.

श्रीपतनं वायरमनचं शिकून घेतलं अन् कर्जतच्या एका ठेकेदाराच्या हाताखाली लागला. काम श्रीपत करणार, कागदावर सही ठेकेदाराची. तरी लोक विचारायचे श्रीपतलाच. सत्त्याहत्तर साली माझ्या बोनसातनं मी त्याला मल्टीमीटर आणून दिला. लोहार चाळीत पाच दुकानं फिरलो, "जपानी द्या, दुसरा नको" बोललो. चामड्याची पेटी, काचेच्या आत बारीक काटा, अन् एक लाल अन् एक काळी अशा दोन सळया. आमच्या तालुक्यात तसा मीटर खाजगी वायरमनकडं दुसरा नव्हता. असला तरी मला दिसला नाय.

गावातले लोक त्याला काट्याची पेटी बोलायचे. टेस्टर नुसता सांगतो, करंट हाय का नाय. हा काटा सांगायचा किती हाय, वायर आतनं तुटलीय का, अन् करंट जिथं जायला नको तिथं जातोय का. श्रीपतची कामाची एक रीत होती. घरात शिरला की मेन स्विच पाडायचा, फ्यूजचे कटआउट काढून सोताच्या खिशात ठेवायचे. कोण शहाणा मधीच चालू करेल म्हणून. मंग दोन्ही सळया एकमेकींना टेकवून काटा शून्यावर आणायचा, अन् मगच भिंतीला हात. मी बोलायचो, "अरे, एवढं काय? लोक वाट बघतात." तो बोलायचा, "दादा, काट्याला घाई कळत नाय."

बोलणं तेवढंच. सगळं बोलणं मी बोलायचो, त्याच्या वाटचं पण.

एक्याऐंशी सालच्या चैत्रात कशेळ्याच्या पुढल्या एका गावात हिरामणच्या घराचं वायरिंग त्याच्याकडं आलं. हिरामण मोहोपाड्याला कारखान्यात, सुट्टीला तेवढा घरी. गावात भात, नाचणी, मोठं जुनं कौलारू घर. घरात त्याची आई धोंडूबाई अन् मुलगा गजा. धोंडूबाई तेवढ्यात लेकीकडं गेली होती. म्हणजे घरात गजा एकटाच, विशीतला.

चार दिवस काम चाललं. पाचव्या दिवशी श्रीपत आला, पाय धुवायला बसला. मी विचारलं, "झालं?"

"झालं."

"कुठवर गेलास?"

"ओटी, माजघर, पडवी. चुलीच्या खोलीत पण."

"अन् देवघर?"

तो पायावर पाणी घेत राहिला. मंग बोलला, "उंबऱ्यापर्यंत. आजी सांगून गेलीय, आत नाय यायचं. आतली वायर गजानं वढली."

माझं टाळकं फिरलं. "अन् तू ऐकलंस? पिशवी उचलून यायचं ना!"

"दादा, अन्न हाय ते." एवढं बोलून तो जेवायला बसला. पारूबाई, माझी बायको, मला बोलली, "तो दमून आलाय, त्याला खाऊ द्या." पण ते आतमधी ठसठसत राहिलं.

पुढं वैशाखात कशेळ्याच्या बाजाराला गेलो होतो. सुकी मासळी घेतली अन् चहाच्या टपरीवर बसलो. तिथं वरच्या आळीचे चार जण होते, ओळखीचे. त्यातला चांगो म्हणून एक, फाटक्या तोंडाचा. तो बोलला, "काय रं बुधाजी, तुझा भाऊ म्हणं लय मोठा वायरमन. ओटीवर बसूनच लाईट लावतो काय? हाताला लांब दांडा बांधतो का?"

सगळे हसले. टपरीवाला पण हसला.

मी उभा राहिलो. बोललो, "ओटीवर? अरं, हिरामणच्या देवघरात जाऊन आलाय माझा भाऊ! देवांच्या डोक्यावर बल्ब लावलाय त्यानं! जा, बघून ये!"

मला असं वाटलं, बाप मागं उभा हाय अन् ऐकतोय. उरलेला चहा मी उभ्यानंच प्यालो, ऐटीत निघालो. घरापर्यंत छाती खाली आली नाय.

कशेळ्याच्या बाजारातली गोष्ट कशेळ्यात राहत नाय. धोंडूबाई त्याच दिवशी लेकीकडनं परत येत होती, बाजारातनंच. तिच्या कानावर पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळची पाळी करून दोनला सुटलो. घरच्या दारात श्रीपत पिशवी घेऊन उभा. ठेकेदारानं जीपवाल्याबरोबर चिठ्ठी पाठवलेली. चिठ्ठी मी वाचली: हिरामणच्या घरात करंट उतरला, म्हातारी पडली, उजवा हात मोडला. आज जाऊन खरंखोटं कर. तुझी चूक निघाली तर पिशवी दुकानात आणून ठेव, उद्यापासून येऊ नको.

"मी येतो," मी बोललो.

"तू नको, दादा. आठ तास काम करून आलास."

"मी येतो बोललो ना! माझ्या भावाच्या कामात चूक काढतात? बघतोच."

जीपच्या मागं लोंबकळत कशेळं गाठलं, तिथनं पुढं पायी. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. अंगातलं सगळं त्राण पाळीवरच सांडून आलेलो. मला विचारायचं होतं, देवघराचं बाजारात बोललो ते तुझ्या कानावर आलं का. विचारलं नाय.

हिरामण ओटीवरच होता, सुट्टीला आलेला. धोंडूबाई माजघरात भिंतीला टेकून, हाताला बांबूच्या पट्ट्या बांधलेल्या, वरनं जुन्या लुगड्याची झोळी. गजा दाराच्या कडेला. भाईर अंगणात सात-आठ माणसं, त्यात चांगो पण.

"ये रं श्रीपत," हिरामण बोलला. आवाज चढलेला नव्हता, थकलेला होता. "आईनं सकाळी देवघरातला तेलाचा टांगता दिवा पुसायला घेतला. स्टुलावर चढली, दिव्याला हात लावला, अन् फेकली गेली. डोकं वाचलं म्हणून बरं."

श्रीपत बोलला, "मेन पाडलाय का?"

"सकाळीच पाडला."

श्रीपतनं तरी सोता बघितलं. कटआउट काढले, खिशात टाकले.

चांगो अंगणातनं बोलला, "आता खिशात टाकून काय उपेग? म्हातारी तर पडली."

श्रीपत हिरामणला बोलला, "मी केलेलं काम सगळं तपासून देतो. पण देवघरातलं..." अन् तो थांबला.

"देवघरातलं काय? देवघरात तूच होतास ना?" हिरामण बोलला. "मी मोहोपाड्याला. आई लेकीकडं. गजाला विचारलं तर बोलतो, मी रानात होतो, मला ठाव नाय. अन् तुझा दादा तर भर बाजारात सांगत फिरत होता, माझ्या भावानं देवांच्या डोक्यावर बल्ब लावला म्हणून. का तुझा दादा खोटं बोलला?"

सगळी माणसं माझ्याकडं बघायला लागली. श्रीपतनं नाय बघितलं. त्यानं खाली बघितलं, पेटीचं बक्कल काढलं, मीटर भाईर घेतला.

एक शब्द बोलला असता तर सुटला असता. "मी आत गेलोच नाय." एवढंच. पण चार माणसांत मोठ्या भावाला खोटं पाडायचं त्याच्यानं झालं नाय. तो बोलला, "मीटर लावून बघू. चूक कुठं हाय ते काटा दाखवेल. माझी असली तर पिशवी ठेवतो."

त्यानं सळया एकमेकींना टेकवल्या, काटा शून्यावर आणला. देवघराच्या उंबऱ्याच्या अलीकडं, चौकटीच्या वर, एक लाकडी गट्टू होता. तिथं त्याची वायर संपायची अन् आतली सुरू व्हायची. गट्टू उघडून त्यानं दोन्ही वायरी एकमेकींपासून सोडवल्या. आधी सोताच्या बाजूची बघितली, मेनपासून उंबऱ्यापर्यंत. एक सळई वायरीला, दुसरी अर्थिंगच्या तारेला. हिरामणला जवळ बोलावलं. "बघा. काटा हालला तर माझ्या वायरीतनं करंट गळतोय."

काटा झोपल्यासारखा पडून राहिला.

"आता आतली." श्रीपतनं एक सळई आत जाणाऱ्या वायरीला लावली. दुसरी सळई हातात घेऊन तो उंबऱ्यापाशी आला अन् उभा राहिला. दिवा आत होता, चार हातांवर, लोखंडी हुकाला साखळीनं टांगलेला. सळईची दोरी तिथपर्यंत पुरत नव्हती. श्रीपतनं पिशवीतनं वायरचा तुकडा काढला, सळईला जोडला, अन् बोलला, "गजाभाऊ, हे टोक साखळीला लाव. भिऊ नको, कटआउट माझ्या खिशात हायत."

तेव्हा मला दिसलं. ज्या माणसावर आत जाऊन काम बिघडवल्याचा आळ आला होता, तो आत्ता पण उंबऱ्याच्या भाईर उभा होता. पाय बरोबर चौकटीपाशी, एक बोट पण पुढं नाय. अन् कुणालाच ते विचित्र वाटत नव्हतं.

गजानं टोक साखळीला लावलं. काटा उठला. शेवटपर्यंत गेला नाय, मधीच येऊन थरथरत राहिला.

"म्हणजे?" हिरामणनं विचारलं.

"वायर हुकाला थेट टेकलेली नाय. मधी काय तरी ओलं हाय, त्यातनं करंट दिव्यात उतरतोय. पूर्ण सुकं असतं तर कळलं पण नसतं." श्रीपतनं आत वाकून भिंतीकडं बघितलं. "पण हे वैशाखाचे दिस. कौल गळत नाय. भिंतीत पाणी आलं कुठनं?"

धोंडूबाईनं तोंड फिरवलं.

हिरामण बोलला, "ते पाण्याचं राहू दे. म्हणजे चूक आत हाय. आत तूच केलंस. मंग चूक तुझीच ना?"

चांगो अंगणातनं, "आता बोल की रं बुधाजी! टपरीवर लय बोलत होतास."

श्रीपतनं मीटर मिटवला. खरंच मिटवला. पेटीत ठेवून बक्कल लावायला लागला. मी त्याचे हात बघत होतो. लोहार चाळीतनं तो मीटर मी मांडीवर धरून आणला होता, गर्दीत कुणाचा धक्का लागू दिला नव्हता. आता तो दुकानाच्या कोपऱ्यात पिशवीबरोबर पडून राहील. एका चहाच्या कपाबरोबर मी जे बोललो त्याच्यापायी.

पावरहाउसात मी काय काय उचललंय ते सांगून तुमचा इश्वास बसणार नाय. पण त्या दिवशी जीभ उचलायला जेवढा जोर लागला तेवढा कधी लागला नाय.

"हिरामणभाऊ," मी बोललो, "मी खोटं बोललो."

चांगो अंगणातनं पायरीपर्यंत पुढं आला.

"श्रीपत आत गेला नाय. त्यानं मला त्याच दिवशी सांगितलेलं, उंबऱ्यापर्यंतच गेलो म्हणून. बाजारात ह्या चांगोनं डिवचलं, अन् माझ्यानं राहवलं नाय. देवांच्या डोक्यावर बल्ब लावला, हे मी माझ्या मनानं बोललो. माझा भाऊ कधी खोटं बोलत नाय. मी बोलतो."

श्रीपत बोलला, "दादा, राहू दे."

"काय राहू दे? तू गप बस. लय गप बसलास."

हिरामण हळूहळू गजाकडं वळला. "मंग आतली वायर कुणी जोडली रं?"

गजाचं तोंड पांढरं पडलं. "मी. आजीनं त्याला आत घ्यायचं नाय बोललेलं. तो भाईरनं सांगत होता तसं मी करत गेलो. हुकावरनं वायर वळवली. तिथं सोललेली राहिली, चिकटपट्टी संपली होती, तर देवापुढली लाल चिंधी गुंडाळली. बल्ब पेटला. मला वाटलं झालं."

"अन् मला बोललास रानात होतो!"

"आजीला कळलं असतं की लाईटवाला चुलीच्या खोलीत पण फिरला, तर मला जेवायला दिलं नसतं."

अंगणातलं कोण तरी फिसकन हसलं. हिरामणनं गजाला स्टुलावर चढवलं. गजानं हुकामागं बोट घातलं अन् चिंधी वढून काढली. लाल फडकं, ओलं गच्च. त्यानं पिळली तर दोन थेंब खाली पडले.

"ही ओली कशी?" हिरामणनं विचारलं. आता तो आईकडं बघत होता.

धोंडूबाईनं झोळी सावरली. मंग बोलली, "काल धुतलं मी देवघर. बाजारात ऐकलं ना, हा देवांच्या डोक्यापर्यंत जाऊन आला म्हणून. आढ्यापासून धुतलं. गोमूत्र घातलं, हंडेच्या हंडे पाणी घातलं. कमरेत कळ आली तवर धुतलं." मोडक्या हाताकडं तिनं बघितलं. मंग मला बोलली, "म्हंजे हा आत आलाच नव्हता?"

"नाय आजी."

"मंग मी कशापायी धुतलं?"

तिच्या मोडक्या हाताचं मला वाईट वाटत होतं, अन् तिचा रागबी येत होता, अन् दोन्ही करायला अंगात जोर नव्हता. मी तिथंच पायरीवर बसलो.

हिरामण बोलला, "श्रीपत, आत ये. तूच नीट कर आता."

श्रीपतनं धोंडूबाईकडं बघितलं. ती हो बोलली नाय, नको पण बोलली नाय. भिंतीकडं तोंड करून बसली. श्रीपतनं पिशवी उंबऱ्यापाशी ठेवली. मंग त्यानं गजाला सांगून आतली सगळी वायर काढायला लावली, अन् होल्डर उंबऱ्याच्या भाईर, चौकटीच्या वर बसवला. बल्ब लावला, पुन्ना मीटर लावून चारी खोल्या तपासल्या, कटआउट घातले, मेन चढवला. बल्ब उंबऱ्याभाईर पेटला अन् उजेड आत देवांवर पडला.

"आत वायर नाय, तर आत करंट नाय," तो बोलला. "आजी, आता दिवा पुसा खुशाल. धुवा पण."

शेवटचं तो टोमणा म्हणून बोलला का साधं, मला आजपर्यंत कळलं नाय. हिरामणनं ठेकेदाराला चिठ्ठी लिहून दिली, वायरमनची चूक नाय म्हणून. गजानं चहा आणला. कपात आणला, ओटीवर दिला. चांगो कधी सटकला ते कळलं नाय.

परतीला जीप नव्हती. दोघं चालत निघालो. पिशवी मी घेतली. तो नको बोलत होता, मी घेतलीच. कशेळं मागं पडल्यावर तो बोलला, "चूक माझी पण हाय, दादा. आतलं जोडकाम न बघता मी मेन चढवला. उंबऱ्यात उभं राहून मीटर तेव्हाच लावता आला असता. त्या दिवशी माझं मन नव्हतं तिथं थांबायला."

मला काय तरी बोलायचं होतं. बोललो, "पिशवी जड हाय रं तुझी."

"रोज उचलून बघ," तो बोलला.

त्याला आठ वर्षं झाली. ठेकेदारानं पिशवी कधी मागितली नाय. पुढं श्रीपतनं सोताचं परमिट काढलं, कागदावर आता त्याची सोताची सही. काट्याची काच एकदा तडकली, ती चिकटपट्टीनं जोडलीय. आता त्याचे पण गुडघे दुखतात, शिडीवर चढताना वाकतो. पण काम केल्यावर घरी येतो तेव्हा मी आज पण विचारतो, "कुठवर गेलास?" तो मोजून सांगतो. ओटीपर्यंत. माजघरापर्यंत. एका घरात चुलीपर्यंत, अन् तिथं बसून भाकरी खाल्ली. मी बाजारात तेवढंच सांगतो. एक बोट पुढं नाय.

गेल्या महिन्यात हिरामणकडनं बोलावणं आलं. उंबऱ्यावरचा होल्डर जळला होता. श्रीपत गेला, सांजच्याला आला, पाय धुवायला बसला.

"कुठवर गेलास?"

"उंबऱ्यापर्यंत."

"म्हातारी हाय का अजून?"

"हाय. तिनं शिडी धरली."

"डाव्या हातानं?"

"दोन्ही हातानं," श्रीपत बोलला, अन् टॉवेल मागितला.